साखळी तीच, गुण मात्र पैकीच्या पैकी

तुमची पुरवठा साखळी किती चक्रीय आहे, म्हणजे वापरलेला माल फेकून न देता किती परत वापरात येतो, याचा आकडा वरिष्ठांनी मागितला आहे ना? मग घाबरू नका. साखळीला हात लावायचं काहीच कारण नाही, मोजपट्टीला लावला की भागतं.

आधी हद्द आखा. २०२४ साली आलेलं आयएसओ ५९०२० हे चक्रीयता मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानकच सांगतं की मोजणीची व्याप्ती ठरवून घ्या. घ्या मग! खाण, भट्टी, पुरवठादाराचा पुरवठादार हे सगळे हद्दीबाहेर. आत फक्त तुमचं गोदाम, पुठ्ठ्याची खोकी आणि लाकडी पॅलेट. पॅलेट परत येतात, खोकी रद्दीत जातात. झालं चक्र पूर्ण.

मोजमाप मात्र किलोतच करा. किलोइतकं समंजस एकक दुसरं नाही. समजा तुम्ही फोन बनवता. त्यातलं सोनं जेमतेम काही मिलिग्रॅम भरतं. ते सोनं, कोबाल्ट आणि टँटलम हे धातू कचऱ्यात गेले तरी वजनाच्या टक्केवारीला फारसा धक्का लागत नाही. काच आणि धातूची चौकट गोळा झाली की पुरे. त्या मिलिग्रॅमसाठी किती दगड फोडावा लागला हे खाणवाले बघतील, आणि ते तर हद्दीबाहेर आहेत.

पुनर्चक्रित माल दाखवायचा असेल तर स्वतःच्याच यंत्राखाली पडलेल्या भंगाराकडे प्रेमाने बघा. त्याच प्रक्रियेत परत टाकता येणारं भंगार पुनर्चक्रित म्हणून धरायचं नाही, असं आयएसओ १४०२१ म्हणतं. म्हणून ते शेजारच्या शेडमधल्या दुसऱ्या नावाच्या कंपनीला विका आणि परत विकत घ्या. तपासनीस बिलं बघतो, यंत्राखाली वाकत नाही.

गोळा झालेला कचरा फाटकावरच्या वजनकाट्यावर मोजा. युरोपीय संघाने २०१८ मध्ये हौसेने नियम बदलला: वर्गवारी होऊन प्रत्यक्ष पुनर्चक्रणात शिरणारं वजन धरा म्हणे. इतकं आत कशाला जायचं? तिथे वास येतो, आणि आकडाही घसरतो.

२०१५ पासून वापरात असलेल्या मटेरियल सर्क्युलॅरिटी इंडिकेटर या वस्तूची चक्रीयता मोजणाऱ्या निर्देशांकात मात्र एक खोच आहे. ० ते १ गुण देताना तो नवा कच्चा माल आणि वाया गेलेला माल तर बघतोच, वर वस्तू किती टिकते तेही विचारतो. टिकाऊ वस्तू विकून कोणाचं भलं झालंय! त्या रकान्यात उद्योगाची सरासरी भरा, टिकाऊपणाचा गुणक १ येतो, विषय संपला.

पुरवठादारांना लांबलचक प्रश्नावली पाठवायला विसरू नका. ते सगळीकडे ‘होय’ लिहून पाठवतात. याला माहिती संकलन म्हणतात.

जागतिक चक्रीयता अहवालात जगाचा आकडा, म्हणजे एकूण वापरलेल्या मालात परत वापरात आलेल्या मालाचा वाटा, २०१८ मध्ये ९.१ टक्के होता, २०२३ मध्ये ७.२ वर आला. प्रत्येक कंपनी सुधारत असताना नवा कच्चा माल जास्तच का लागतोय, असं कोणी विचारलं तर गणित सांगू नका. गणित असं: समजा, काल कंपनीच्या १०० टन मालात १० टन पुनर्चक्रित होता, आज ३०० टनांत ६० आहे. टक्केवारी दुप्पट! नवा कच्चा माल ९० वरून २४० टनांवर गेला, पण त्याला कंपनीच्या अहवालात रकानाच नाही. तो जोडा असं सुचवणाऱ्या हुशार कर्मचाऱ्याला अहवालाच्या छपाईचं काम द्या. मुखपृष्ठाला प्लॅस्टिकचं लॅमिनेशन हवंय, हेही त्याला सांगून ठेवा.