पैशांसाठी आजारी

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या खाडीत पुन्हा मासे मेले. बोयी उताण्या होऊन काठाला लागल्या होत्या. मासेमारी करणाऱ्या धाकट्या काकांनी घरच्या ग्रुपवर फोटो टाकले आणि खाली लिहिलं की हल्ली हातापायांना मुंग्या येतात, डॉक्टर म्हणतो वय झालं. त्यावर पुण्याच्या दादाचं उत्तर: "यांना दरवर्षी नुकसानभरपाई लागते. आता पैशांसाठी आजारी पडायलाही लागले. जपान्यांकडून शिस्त शिका जरा. विचारा आपल्या कुमामोतोवाल्याला."

कुमामोतोवाला म्हणजे मी. नऊ वर्षं झाली इथे, जपानच्या कुमामोतोत. विचारलंच आहेस दादा, तर सांगतो.

माझ्या घरापासून शिंकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, अर्ध्या तासावर मिनामाता शहर आहे. तिथला चिस्सो या रसायन कंपनीचा कारखाना १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनवायला पारा वापरायचा आणि सांडपाणी उपसागरात सोडायचा. त्या पाण्यातला मिथाइल पारा, म्हणजे पाऱ्याचं फार विषारी रूप, शिंपल्यांत आणि माशांत साठत गेला. आधी मांजरं लटपटू लागली, गोल गोल फिरून समुद्रात पडू लागली. मग मासे मारणाऱ्यांची पोरं. हात बधिर, पाय सरळ पडत नाहीत, जीभ जड, नजर नळीतून बघितल्यासारखी अरुंद. १ मे १९५६ ला कारखान्याच्याच इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर होसोकावा यांनी हा आजार सरकारदरबारी कळवला. कारखाना हे पाणी बंद करतो १९६८ मध्ये. मध्ये बारा वर्षं गेली. शिस्त म्हणतोस ती ही.

त्या बारा वर्षांतलं १९५९ मला सगळ्यात जास्त छळतं. जुलैपासून होसोकावांनी कारखान्याचं सांडपाणी अन्नात घालून एका मांजराला खाऊ घातलं. चारशे क्रमांकाचं मांजर. ऑक्टोबरात त्याला तोच रोग झाला. कंपनीनं निष्कर्ष दाबला. आणि डिसेंबरात त्याच कंपनीनं रोग्यांशी करार केला: मेलेल्या माणसामागे तीन लाख येन, आणि पुढे कारखानाच दोषी ठरला तरी जास्त मागायचं नाही. पैसे सहानुभूतीचे होते, भरपाईचे नव्हेत. घरात खायला नव्हतं म्हणून लोकांनी सह्या केल्या. १९७३ मध्ये न्यायालयानं तो करार रद्दबातल ठरवला. होसोकावांनी १९७० मध्ये मरणाच्या खाटेवरून मांजराची साक्ष दिली, तीही तिथे कामी आली.

गावातले शेजारी या रोग्यांना काय म्हणायचे, दादा? ‘निसे कांजा’. खोटे पेशंट. भरपाईसाठी थरथर करणारे. तुझंच वाक्य, फक्त जपानीत. आणि म्हणणारे वाईट नव्हते. त्यांच्या घरात कारखान्याचा पगार येत होता.

पोटातल्या मुलांना वार जपते, विष आत जाऊ देत नाही, असं तेव्हा डॉक्टरही मानत. पण आया धडधाकट आणि मुलं जन्मतःच लुळी, असं घरोघर दिसू लागलं. डॉक्टर मासाझुमी हारादा त्या आयांचं ऐकत राहिले. इथे नाळ वाळवून छोट्या लाकडी डबीत ठेवतात. त्या जुन्या नाळा तपासल्या, तेव्हा ज्या वर्षांत कारखान्याचं उत्पादन जास्त, त्या वर्षांत जन्मलेल्यांच्या नाळेत पारा जास्त निघाला. आमच्याकडे नाळ पुरतात. माझी परसातल्या माडाखाली आहे, असं आजी सांगायची.

हिशेब अजून मिटलेला नाही. सरकारनं रोगी म्हणून मान्य केलेले कुमामोतो आणि शेजारचा कागोशिमा या दोन प्रांतांत सुमारे २३००. आणि २००९ च्या कायद्याखाली मदतीसाठी अर्ज करणारे साठ हजारांवर. १ मे २०२४ ला स्मृतिदिनानंतर रोग्यांची पर्यावरणमंत्र्यांशी बैठक होती. प्रत्येक संघटनेला तीन मिनिटं. एक म्हातारा गेलेल्या बायकोबद्दल बोलत होता, त्याचा मायक्रोफोन बंद केला. आठवड्यानं मंत्री माफी मागायला आले. मी ते घरी टीव्हीवर बघितलं आणि मला पंचनाम्याला आलेल्या साहेबासमोर हात जोडून उभे असलेले काका दिसले.

तरी इथलं एक मला मोठं वाटतं, ते लपवत नाही. मिनामाताच्या माहिती केंद्रात कोणाच्याही केसातला पारा मोजून देतात. मीही चिमूटभर केस कापून दिले. पत्रानं निकाल आला, काळजीचं काही नाही. माझे केस मोजले गेले, ज्यानं दहा वर्षांत त्या खाडीतली एक बोय खाल्लेली नाही. काकांचे केस कधी कोणी मागितले? काकांना पाऱ्याचा त्रास आहे असं मी म्हणत नाही. म्हणणार कशावरून? ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्यावर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांचा निबंध १९८१ चा आहे. म्हणजे मोजायला आपल्याला येतं.

आता जे ग्रुपवर लिहिलं नाही ते. आमचे बाबा खाडीकाठच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर होते. मी बारा वर्षांचा असताना रात्री पाणी सोडल्याचा वास घरात यायचा. आजी खिडकी लावून घ्यायची, बाबा काही बोलायचे नाहीत. सकाळी काका रिकामी होडी घेऊन यायचे. माझी इंजिनिअरिंगची फी, पासपोर्ट, पहिलं विमानाचं तिकीट, सगळं त्या पगारातून. काकांनी एकदा तक्रारीच्या कागदावर बाबांची सही मागितली होती. बाबांनी दिली नाही. मी दारात उभा होतो, मला हायसं वाटलं होतं.

म्हणून दादाला उत्तर द्यायला मला आठ दिवस लागले.

काल काकांना फोन केला. म्हटलं, मानेजवळचे थोडे केस कापून पाकिटात घालून ठेवा, कुठे तपासतात ते मी बघतो. काका म्हणाले, "कापायला तू येशील काय?"

गणपतीत येतो म्हणालो. तिकीट अजून काढलेलं नाही.