'पॉश'चं तिकीट कुणी पाहिलंय?

घरच्या ग्रुपवर मामांनी परवा पुन्हा तोच मेसेज टाकला. मजकूर थोडक्यात असा: ब्रिटिश काळात विलायतेहून मुंबईला येणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर श्रीमंत साहेबलोक हिंदुस्थानात येताना डावीकडची आणि मायदेशी परतताना उजवीकडची केबिन घेत, कारण त्या बाजूला ऊन कमी. डावी म्हणजे 'पोर्ट', उजवी 'स्टारबोर्ड'. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' याची आद्याक्षरं, पी-ओ-एस-एच, त्यांच्या तिकिटावर छापत आणि त्यावरूनच 'पॉश' शब्द आला. खाली हात जोडलेले दोन इमोजी.

मामांना हसण्याचा मला अधिकार नाही. कॉलेजात असताना हीच गोष्ट मीही चारचौघांत रंगवून सांगितली आहे. पण ती टिकत नाही.

पहिलं म्हणजे तिकीट. पी. अँड ओ.ला राजाची सनद मिळाली 1840 मध्ये, म्हणजे राजाची कसली, व्हिक्टोरिया राणीची. तेव्हापासूनच्या बोटींचे मेन्यू, सामानावरची लेबलं, तिकिटं लोक हौसेनं जपतात, लिलावात विकतात. त्यातून पी-ओ-एस-एच छापलेलं तिकीट आजवर एकही निघालेलं नाही. कंपनीच्या दप्तरातही अशा शिक्क्याचा मागमूस नाही.

दुसरं, ऊन. इथे मेसेजला थोडे गुण द्यायला हवेत, कारण भूगोल अगदीच चुकलेला नाही. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडल्यावरची वाट डोळ्यांपुढे आणा. भूमध्य समुद्रात बोट पूर्वेकडे चालते, म्हणजे डावी बाजू उत्तरेला, सावलीत. तांबड्या समुद्रात ती दक्षिणेकडे वळते. आता डावी बाजू पूर्वेला, सकाळचं ऊन खाऊन रात्रीपर्यंत निवलेली. उजवीकडचे मात्र दुपारभर भाजून निघणार. परतताना हेच उलट. पण एडन ओलांडून जूनमध्ये मुंबई गाठायची असेल तर दुपारचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो आणि वारा नैऋत्येचा, म्हणजे उजवीकडून. तेव्हा 'डावी बाजू नेहमीच थंड' हेही बारमाही सत्य नव्हे. आणि समजा असतं, तरी त्यावरून फार तर केबिनची पसंती कळते, शब्दाचा जन्म कळत नाही.

खरा घोळ तारखांचा आहे. 'पॉश' हा शब्द झकपक, ऐटदार या अर्थानं पहिल्या महायुद्धाच्या आसपास छापील इंग्रजीत दिसू लागतो. सप्टेंबर 1918 च्या 'पंच' साप्ताहिकातल्या एका व्यंगचित्रात वैमानिक पोरगा आईला सांगतो, आमचा वेळ अगदी 'पॉश' गेला. पोरासोरांची, फौजेतली बोली होती ती. बोटीची गोष्ट मात्र छापून आली थेट 1935 मध्ये, लंडनच्या एका साहित्यविषयक साप्ताहिकाला आलेल्या वाचकाच्या पत्रात. आणि गंमत बघा, त्या पत्रात ही अमेरिकी जहाजवाल्यांची संज्ञा म्हटली होती! पी. अँड ओ., हिंदुस्थान, साहेबलोक ही फोडणी नंतरची. 1968 च्या एका मुलांच्या इंग्रजी चित्रपटात त्यावर गाणंच आलं, मग काय विचारता.

शिवाय आद्याक्षरं जोडून बोलायचे शब्द ही एकोणिसाव्या शतकाची सवयच नव्हे. 'रडार'सारखे शब्द दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले. त्याआधीच्या एखाद्या शब्दाची अशी फोड कुणी दाखवली की मी आधी खिसा चाचपतो.

मग आला कुठून? ऑक्सफर्डचा शब्दकोश मूळ अनिश्चित म्हणतो. पण एक धागा फार मोहक आहे. 1830 च्या सुमारास लंडनच्या भुरट्यांच्या बोलीत 'पॉश' म्हणजे अर्धा पेनी, चिल्लर. पुढे नुसतेच पैसे. हा शब्द युरोपातल्या रोमानी या भटक्या लोकांच्या भाषेतला, तिथे 'पॉश' म्हणजे अर्धा. 1890 पर्यंत त्याच बोलीत 'पॉश' म्हणजे छानछोकी करणारा माणूस असाही अर्थ कोशात येतो. पैसा, मग पैसेवाला, मग पैसेवाल्याची ऐट: वाट सरळ दिसते, मधला एखादा सांधा अजून कच्चा आहे. रोमानी ही मुळात आपल्याकडूनच गेलेली भाषा आणि तिच्यातला हा 'अर्धा' संस्कृत 'पार्श्व'पर्यंत, म्हणजे कुशी, बाजू इथपर्यंत नेला जातो. त्याच 'पार्श्व'मधून आपलं 'पाशी' आलं. 'माझ्यापाशी पैसे नाहीत' म्हणताना 'पॉश'चा दूरचा चुलता तोंडात असतो, असं म्हणायला हरकत नाही.

मामांच्या मेसेजखाली मावशीनं विचारलं, "अरे, पोशाखावरून नसेल का?" हाही दावा फिरतो: फारसी 'पोश' म्हणजे झाकणारं, पांघरलेलं, म्हणून 'सफेदपोश', म्हणून 'पॉश'. पोशाख, पलंगपोस, सरपोस हे शब्द त्या घराण्यातले खरेच. पण तिथून इंग्रजीत गेल्याचा दुवा नाही. मावशीचा तर्क मामांच्या तिकिटापेक्षा बरा, एवढंच.

मराठीत आल्यावर शब्दाचा तोरा बदललाय. इंग्रजीत एखाद्याचं बोलणं 'पॉश' म्हटलं तर त्यात त्याचं खानदान, शाळा आणि थोडा टोमणा असतो. आपल्याकडे वस्ती पॉश, फ्लॅट पॉश, नवा शर्ट घातलेला भाचाही पॉश. 'उंची' म्हटलं की किंमत दिसते, 'भपकेबाज'मध्ये नाक मुरडलेलं असतं, 'टापटीप'ला पैसे लागत नाहीत. या तिघांच्या मधली जागा 'पॉश'नं घेतली.

पी-ओ-एस-एच ही अक्षरं छापलेला कागद पाहायचाच असेल, तर बोटीवर जायला नको. दहा किंवा अधिक माणसं काम करतात अशा ऑफिसात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याखाली तक्रार समिती लागते आणि तिची माहिती दर्शनी भागात लावावी लागते. तिला सगळे 'पॉश कमिटी' म्हणतात. तिथली अक्षरं मात्र खरोखरच आद्याक्षरं आहेत: 'प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट', म्हणजे लैंगिक छळाला प्रतिबंध.