इंग्रजी येते म्हणून निम्मी फारसी येत नाही

फारसी शिकू पाहणाऱ्यांमध्ये एक यादी सतत फिरत असते. मादर–मदर, बरादर–ब्रदर, दोख्तर–डॉटर, बद–बॅड, बेहतर–बेटर अशा जोड्या देऊन तीत सांगितलेले असते की, या दोन भाषा सख्ख्या बहिणी आहेत, त्यांच्यात शेकडो शब्द सामाईक आहेत आणि म्हणून इंग्रजी जाणणाऱ्याला निम्मी फारसी आधीच येते. दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या आहेत आणि नात्याचे ते तीन शब्द एकाच मुळाचे आहेत, एवढे खरे. पुढचे दावे मात्र टिकत नाहीत, आणि त्यांच्या भरवशावर अभ्यासाला बसलेल्याची लवकरच निराशा होते.

सारखे ऐकू येणारे शब्द एका मुळाचेच असतात, हा पहिला समज. ‘बद’ आणि ‘बॅड’ यांचा अर्थ एक, उच्चारही जवळजवळ एक. परंतु फारसी शब्दाचे पहलवीतील, म्हणजे इस्लामपूर्व काळातल्या फारसीतील, रूप ‘वद’ होते, म्हणजे त्यातला ब मागाहून आलेला आहे, आणि इंग्रजी शब्दाशी त्याचा संबंध निव्वळ योगायोगाचा आहे. ‘बेहतर’ची फोड ‘बेह’ अधिक ‘तर’ अशी होते. हा ‘तर’ म्हणजे आपल्या ‘उच्चतर’मधला प्रत्यय. ‘बेटर’मध्ये ट हा मूळ शब्दाचाच भाग असून प्रत्यय त्याच्यापुढे लागतो, त्यामुळे दोन्ही शब्दांचा सांधा वेगवेगळ्या जागी आहे.

उलट अनेक खरे सगेसोयरे कानाला ओळखू येत नाहीत. फारसीत ‘सद’ म्हणजे शंभर. उच्चाराने तो इंग्रजीतल्या दुःखी या अर्थाच्या ‘सॅड’सारखा वाटतो, पण त्याचे नाते ‘हंड्रेड’शी आहे. तसेच ‘पा’चे ‘फूट’शी आणि ‘जानू’चे गुडघा या अर्थाच्या ‘नी’शी. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडलेला, इंग्रजीसारख्या जर्मानिक भाषांतील व्यंजनबदलांचा नियम आणि इराणी भाषांतील बदल दोन्ही ठाऊक असल्याशिवाय ही नाती उलगडत नाहीत. शत, पाद, जानु हे शब्द जाणणाऱ्या मराठी वाचकाला मात्र ती चटकन दिसतात.

शेकडो सामाईक शब्दांच्या दाव्यात उसने शब्द किती, हेही तपासावे. बाजार, शाल, कारवान हे शब्द फारसीतून निघून इंग्रजीत पोहोचले हे खरे, पण त्यांची संख्या थोडी आहे. आधुनिक काळात फारसीने युरोपीय शब्द घेतले ते मुख्यतः फ्रेंचकडून: आभाराला ‘मेर्सी’, लिफ्टला ‘आसान्सोर’. इंग्रजीच्या जोरावर यातले काय कळणार?

निम्म्या शब्दसंग्रहाचा दावा तर अगदीच पोकळ आहे, कारण फारसीचा फार मोठा भाग अरबीतून आलेला आहे. वक्त (वेळ), फेक्र (विचार), साअत (तास) असे रोजचे शब्दही त्यातच येतात. येथे इंग्रजी हात देत नाही, मराठी देते. शहर, जमीन, हजार, मैदान, दुकान, खर्च, हवा हे शब्द किरकोळ उच्चारभेदाने तेहरानमध्येही चालतात. असे शब्द राज्यकारभारात इतके मुरले होते की, शिवाजी महाराजांनी त्यांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. दर्या हे तर विशेष सुंदर उदाहरण आहे. हिंदीत ‘दरिया’ बहुधा नदी असते, पण फारसीत आणि आपल्या कोळीवाड्यांत तो समुद्रच आहे. क्रियापदांतही ‘कर्दन’ म्हणजे करणे, ‘मोर्दन’ म्हणजे मरणे. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आणि ‘तेलेफोन कर्दन’ ही रचना ‘फोन करणे’ याच घडणीची आहे.

राहिला शेवटचा दावा, की यादी पाठ झाली म्हणजे वाचनही जमेल. फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. ‘पेदर’ (वडील) हा शब्द कागदावर प, द, र एवढाच असतो, आणि ज्याला तो आधीच माहीत आहे त्यालाच नीट वाचता येतो. रोमन अक्षरांतल्या यादीत डोळ्यांत भरणारे साम्य छापील पानावर दिसतच नाही.

मराठीच्या आधारालाही मर्यादा आहेत, हे सांगितलेच पाहिजे. फारसीत ‘तमाशा कर्दन’ म्हणजे नुसते पाहणे. घरात बसून दूरचित्रवाणी पाहणारा इराणी माणूस ‘तमाशा’च करत असतो, आणि त्याचा ना फडाशी संबंध असतो, ना गोंधळाशी.