रजा माझी, ओटा वहिनींचा

दरवर्षी एप्रिल लागला की आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच वाद पेटतो. मुंबई-पुण्याकडचे आणि आम्ही परदेशातले लिहितो, गावातल्या गवंड्यांना वेळेची किंमत नाही, आज येतो म्हणून आठवड्याने उगवतात. गावातले लिहितात, तुम्ही चार दिवस येता आणि शिकवून जाता. काही जण तेही लिहीत नाहीत, नुसता हात जोडल्याचा इमोजी टाकतात. तो जास्त लागतो. मी अकरा वर्षं फ्रँकफुर्टला आहे आणि या वादात कायम पहिल्या गटात होतो. ‘जर्मनीत असं चालत नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा टाइप केलंय की ‘जर्म’पर्यंत आलं की फोनच पुढचं पुरं करतो.

२०२५ मध्ये मी स्वतःच घरी काम काढलं. स्वयंपाकघराचं.

घर देवगड तालुक्यात, कुणकेश्वरच्या अलीकडे. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. स्वयंपाकघरात एका कोपऱ्याला चूल आणि तिचा वैल, समोर वडिलांनी घातलेला कडप्प्याचा ओटा, त्यावर गॅस, शेजारी मोरी. मोरीचं पाणी वर्षानुवर्षं भिंतीत मुरत होतं. जांभ्याचा चिरा ओल धरतो, पावसाळ्यात तर त्या भिंतीला हात लावला की हाताला तांबडा चिखल यायचा. काम गरजेचं होतं, त्याबद्दल वाद नाही. मी फ्रँकफुर्टला बसून तक्ता केला: तोडफोड तीन दिवस, नळाचं आणि विजेचं काम चार, प्लास्टर, त्यावर पाणी मारायला सात, ओट्याचा ग्रॅनाइट, फरशा, सांधे भरणं. एकूण चोवीस दिवस. २८ एप्रिलला सुरुवात, २१ मेला शेवट, ३१ मेचं परतीचं तिकीट. दादाने तक्ता बघून ‘बरं’ म्हटलं. वहिनींना तो कोणी दाखवलाच नाही. दाखवायला हवा होता हे माझ्याही डोक्यात आलं नाही, हे इथेच कबूल करून टाकतो.

कोकणात मे महिन्यात स्वयंपाकघर मोडणं म्हणजे काय, हे मला मोडल्यावर कळलं. हा आगोटीचा महिना. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी याच दिवसांत होते. फणसाचे पापड थापायचे, आंब्याची साठं घालायची, रातांबे फोडून सोलं वाळवायची, मालवणी मसाला भाजून कुटून ठेवायचा, सुकी मासळी उन्हं देऊन डब्यात भरायची. त्यात दादाच्या बागेत हापूसचा शेवटचा तोडा, पेट्या भरायला आलेली माणसं, त्यांचा चहा. वर्षातल्या ज्या महिन्यात त्या खोलीला श्वास घ्यायला फुरसत नसते, नेमक्या त्याच महिन्यात मी तिचा ओटा फोडला. का? तर मला तेव्हा रजा मिळाली.

पहिल्या दिवशी ग्राइंडर चालू झाला आणि अर्ध्या तासात माजघर तांबडं झालं. जांभ्याची धूळ पिठासारखी बारीक, ती कौलांच्या फटीतून, दाराच्या बिजागरीतून कुठूनही येते. आईने लोणच्याच्या बरण्यांना आधीच फडकी बांधली होती, वर दोरी आवळली होती. मी दारावर प्लास्टिक लावून चिकटपट्टी मारली. समुद्राच्या दमट वाऱ्याने ती संध्याकाळपर्यंत सुटून लोंबायला लागली. मग वहिनींनी दोन जुनी लुगडी ओली करून दारात टांगली. धूळ त्यावर बसायला लागली, तासातासाने पिळून पुन्हा टांगायची. मी चिकटपट्टीचा रोल घेऊन बाजूला उभा. तरी रात्री भाकरी चावताना दाताखाली कचकच झालीच. दगड खळ्यात नेऊन पाणी मारत कापायचा, हे सांगायची बुद्धी मला तिसऱ्या दिवशी झाली. ग्राइंडर चालवणाऱ्या पोराच्या नाकातोंडावर तोवर साधा रुमालही नव्हता.

चूल मांडली पडवीत. तीन दगडांची नव्हे, गॅसचीच, जुन्या टेबलावर. पण खारा वारा संध्याकाळी असा सुटतो की ज्योत एका बाजूला पडते, दोनदा विझलीसुद्धा. मग तिन्ही बाजूंनी पत्रा उभा केला. फ्रिज माजघरात, भांडी विहिरीवर, बांगडे साफ करायला परसात केळीच्या बुडाशी, आणि भोवती गावातली सगळी मांजरं. वहिनींनी एका क्रेटमध्ये एवढंच बाहेर ठेवलं: तवा, दोन टोप, पळी, आडाळो म्हणजे विळी, मिसळणाचा म्हणजे मसाल्यांचा डबा. बाकी सगळं माळ्यावर. मी होतो ते पाच आठवडे सात माणसांचं जेवण त्या क्रेटवर निघालं. ही निवड त्यांनी दहा मिनिटांत केली. माझ्या तक्त्यात या गोष्टीसाठी एकही ओळ नव्हती.

आणि चहा. गवंडी, त्याचा जोडीदार, दोन गडी, प्लंबर, आला तर वायरमन. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. ज्या माणसांनी तुमचा ओटा फोडलाय त्यांच्यासाठीच ओट्याशिवाय चहा करायचा. ‘एक आठवडा त्यांना टपरीवरून मागवू’ असं मी म्हणालो तेव्हा आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

आता जर्मनीचं. तिथे मी पहिल्यांदा भाड्याने घर घेतलं तेव्हा स्वयंपाकघराच्या जागी चार भिंती, एक नळाचं तोंड आणि विजेची जोडणी एवढंच होतं. तिथे भाड्याच्या घरात बऱ्याचदा किचन नसतंच. जुना भाडेकरू कपाटं, सिंक, शेगडी उचलून घेऊन जातो किंवा नव्याला विकतो. मी नवं मागवलं, ते यायला अकरा आठवडे लागले. अकरा आठवडे एका विजेच्या शेगडीवर काढले, भांडी न्हाणीच्या टबात घासली. तरी मला तो काळ कठीण गेला असं आठवत नाही. कारण तिथे रात्रीचं जेवण म्हणजे पाव, चीज, काकडी, सगळं थंड. ते चालवून घेता येतं. आमच्याकडे सकाळी घावणे, दुपारी भात-आमटी आणि मासा, रात्री पुन्हा गरम भाकरी. त्यामुळे ‘काय ते पाच आठवडे, मी तर अकरा काढले’ हे माझं बोलणं किती पोकळ होतं ते मला पडवीत बसल्यावर समजलं. मी एकटा होतो, आणि माझ्यासाठी कोणी चूल पेटवत नव्हतं.

तिथल्या शिस्तीचंही थोडं सांगतो, कारण आमच्या ग्रुपवर ती फार ताणली जाते. रविवारी भिंतीत ड्रिल मारायचं नाही, रात्री दहानंतर आवाज नाही, हे खरं. पण म्हणून कामं वेळेत होतात असं नाही. बर्लिनच्या नव्या विमानतळाचं काम २००६ मध्ये सुरू झालं, जून २०१२ च्या उद्घाटनाची तयारी झाली होती, विमानतळ उघडला ऑक्टोबर २०२० च्या शेवटी. मुंबई-गोवा महामार्गाची टिंगल करताना मी हे कधी लिहिलं नव्हतं. साध्या प्लंबरसाठी मी तिथे सहा आठवडे थांबलोय.

मला तिथली खरोखर घेण्यासारखी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. घरमालकाला भाडेकरूच्या घरात आधुनिकीकरणाचं काम काढायचं असेल तर काम सुरू होण्याच्या किमान तीन महिने आधी लेखी कळवावं लागतं. काय करणार, कधी सुरू, किती दिवस. आणि कामामुळे घर नीट वापरता येईनासं झालं तर बहुतेक वेळा तेवढं भाडं कमी होतं. म्हणजे ज्याला त्या धुळीत राहायचंय त्याला विचारात घ्यायचं, आणि त्याच्या त्रासाला पैशाची किंमत आहे असं धरायचं. मे महिन्यातल्या एका रात्री पडवीत झोप येईना तेव्हा मनात आलं, आमच्या घरात ही नोटीस कोणी कोणाला द्यायला हवी होती? मी वहिनींना.

फ्रँकफुर्टचाच अजून एक किस्सा. आज गावोगाव ज्याला मॉड्युलर किचन म्हणतात, त्याची आजी माझ्या शहरातली. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी तिथल्या नव्या वसाहतींसाठी एक आखीव स्वयंपाकघर बेतलं. १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब, बाईच्या पावलापावलाचा हिशेब करून. तशी सुमारे दहा हजार बसवली गेली. एक अजून तिथे जपून ठेवलंय, मी पाहून आलोय. पिठा-तांदळासाठी अ‍ॅल्युमिनियमचे ओढण्याचे डबे, फिरतं स्टूल, सगळं हाताशी. त्याचा फोटो आईला कौतुकाने दाखवला. तिने मोबाइल लांब धरून बराच वेळ निरखला आणि म्हणाली, “ह्या बायेन कधी भाकरी भाजूक नाय.” मी हसलो, पण आई चुकली नव्हती. ते स्वयंपाकघर आखेपर्यंत आपण कधी स्वयंपाक केला नव्हता, हे त्या बाईंनी स्वतःच पुढे सांगून ठेवलंय.

निदान त्यांनी पावलं तरी मोजली होती. मी ओट्याची उंची ग्रॅनाइटच्या दुकानातल्या पोराने सांगितली तीच लिहून आणली होती, चौतीस इंच. गवंड्याने कागद बाजूला ठेवला. वहिनींना उभं केलं, हात कोपरात दुमडायला सांगितला, सुतळीने जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेतलं आणि त्यातून चार बोटं आणि वर थोडं वजा केलं. तेहतीस. मग आईला उभं केलं. तिचं माप तिसाच्याही खाली गेलं. दोघींना एक ओटा जमणार नाही हे त्याने कोणाला न विचारता ठरवलं आणि चुलीच्या बाजूला आईसाठी बसका कट्टा धरला. कोपराच्या दहा-पंधरा सेंटिमीटर खाली ओटा हवा, हा नियम जर्मन किचनच्या माहितीपत्रकात मी नंतर वाचला. सुतळी आणि चार बोटं तिथेच पोचली होती.

हाच गवंडी १७ मेला गेला. फरशा अर्ध्या लागल्या होत्या, ओटा बसायचा होता. मी रागावलो, चांगला आवाज चढवला. तो म्हणाला, “तरवो पेरूक होयो, पावस येवच्या आधी. मी खय पळान जातंय?” तरवा म्हणजे लावणीसाठी आधी पेरून वाढवायची भाताची रोपं. त्याला माझ्या तक्त्यावर २१ मे दिसत होती, मला त्याच्या शेतावरचं आभाळ दिसत नव्हतं. आणि आभाळ त्याचंच खरं ठरलं. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा मान्सून त्या वर्षी २५ मेलाच देवगडात दाखल झाला, त्याआधीच वळवाने झोडपायला सुरुवात केली होती. पडवीत पागोळ्या, शेगडीचं टेबल ढकलत ढकलत ओटीवर, वाळत घातलेली सोलं दादाच्या आंब्याच्या रिकाम्या पेट्यांतून घरभर. पापड त्या वर्षापुरते राहिलेच. मी ३१ मेला अर्धवट स्वयंपाकघर टाकून विमानात बसलो.

गवंड्याची चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. पेरणीला जाणार हे त्याने पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण त्याने मला विचारलं असतं की तुम्ही मेमध्येच का काढलंत, तर माझ्याकडे काय उत्तर होतं? चाकरमानी मेमध्ये येतो, म्हणून गावातल्या प्रत्येक घराचं काम मेमध्ये निघतं, म्हणून एका गवंड्याला पाच घरं लागतात, म्हणून तो कुठेच पूर्ण दिवस मिळत नाही. आपणच सगळे मिळून त्याला एका महिन्यात कोंबतो आणि मग त्याला शिस्त नाही म्हणतो.

ग्रुपवर दुसराही एक वाद असतो, चूल ठेवायची की काढायची. त्यात परदेशातली मंडळी फार हळवी होतात. चुलीवरच्या भाकरीची चव, वाशांवर धरलेला धूर, त्याने वाळवी लागत नाही वगैरे. चुलीत फुंकर मारायला त्यांच्यापैकी कोणी बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरापायी २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली. आमची चूल राहिली, कारण आईला ती हवी होती, आणि वहिनींनी तिच्यावर धुराडं घालून घेतलं. बाकी कोणाचं मत विचारायचं कारण नव्हतं, माझंही नाही.

काम संपलं ऑगस्टमध्ये. लावणी आटपून गवंडी स्वतःहून आला आणि चतुर्थीच्या दोन दिवस आधी, २५ तारखेला, शेवटचा सांधा भरून गेला. एकही फोन करावा लागला नाही. गणपतीच्या नैवेद्याला ओटा लागतो ही तारीख त्याला कोणी लिहून द्यावी लागत नव्हती. व्हिडिओ कॉलवर दादाने ग्रॅनाइट दाखवला. त्यावर मोदकांची उकड होती आणि बसक्या कट्ट्यावर आई पाय दुमडून नारळ खोवत होती.

आता न्हाणीघराचा विषय निघालाय. परवा दादा म्हणाला, “तुला रजा कधी मिळतेय ते सांग, म्हणजे गवंड्याशी बोलतो.” मी म्हटलं, वहिनींना विचार, त्यांना कधी चालेल. पलीकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मागून वहिनींचा आवाज आला, “दिवाळी होऊ दे, भात घरात येऊ दे. आणि भावोजींना सांगा, पाणी तापवायचा बंब आधी बाहेर मांडायचा. मग तोडा काय तोडायचं ते.”