तापवा, पण मोजू नका

लॅपटॉपचा चार्जिंगचा टाइप-सी पोर्ट हलायला लागला, तुम्ही तो घरीच बदललात आणि आता लॅपटॉप चालूच होत नाही. अभिनंदन! अवघड भाग संपला. इथून पुढं एकच पथ्य पाळायचं : काहीही झालं तरी मोजायचं नाही. तापवायचं.

आपण कोल्हापूरची माणसं. शिरोलीच्या फौंड्रीत रोज तेराशे अंशांचं लोखंडाचं पाणी साच्यात ओततात. उद्यमनगरात एखाद्याला बिघडलेलं मशीन दाखवलं तर तो आधी पान्याला हात घालतो, मग विचारतो, "काय झालंय?" अशा गावात बोर्डावरचे सुटे भाग चिकटवणाऱ्या, २१७ अंशांना वितळणाऱ्या सोल्डरनं आपल्याला शिकवायचं? नाद करायचा न्हाय.

मी स्वतः हे काम रविवारी दुपारी, तांबडा-पांढरा पोटात गेल्यावर, जेवणाच्या टेबलावर केलं. मुहूर्त तुम्हीही असाच निवडा. डोळ्यांवर झापड हवी आणि हाताशी जयसिंगपुरी भडंगाची ताटली हवी. बॅटरीचा कनेक्टर आधी काढायचा असतो म्हणे. मी नाही काढला. लॅपटॉप बंद होता की! बंद म्हणजे बंद. बॅटरी जोडलेली असली की बोर्डावरच्या काही लाइनी (वीज वाहून नेणाऱ्या वाटा) झोपेतही जाग्या असतात आणि ओल्या फ्लक्सवरून (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो चिकट लेप) चिमटा घसरला की त्या फाडकन उठतात, असल्या भाकडकथांवर आपण विश्वास ठेवत नाही. एक बारीकशी निळी ठिणगी दिसली होती खरी. पण ती उन्हाची तिरीप असेल, असं मी ठरवलं आणि पुढं गेलो.

आता सोल्डरविषयी. (दुकानात 'शोल्डर' म्हणा, नाहीतर नवखे समजतील.) आजकाल बोर्डावर शिसं नसतं. १ जुलै २००६ पासून युरोपनं शिशावर बंदी आणली, आणि एका बाजारासाठी वेगळा माल कोण काढत बसणार? त्यामुळं आपल्याकडं येणारे बोर्डही बिनशिशाचेच. त्यात जे मिश्रण सर्रास वापरतात त्यात ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं आणि बाकी कथील असतं. म्हणजे आपल्या चांदीवाल्या हुपरीचं नाव काढायला जागा आहे. शिशाचं जुनं सोल्डर १८३ अंशांना पाणी व्हायचं, हे २१७ ते २२० घेतं. जाणकार काय करतात, तर जुन्या जोडावर आधी थोडं शिशाचं सोल्डर आणि भरपूर फ्लक्स देऊन ते मऊ करून घेतात. आपण तसला मिळमिळीतपणा करायचा नाही. सरळ उपटायचं.

पोर्टचे जाड पाय तरीही सुटत नाहीत. कारण ते बोर्डाच्या पोटातल्या ग्राउंडच्या तांब्याच्या थराला जोडलेले असतात, आणि गंगावेस तालमीतला पैलवान दूध रिचवतो तसा तो थर उष्णता रिचवतो. खालून बोर्ड गरम करत ठेवायचा प्रीहीटर असता तर काम सोपं होतं. तो नाही म्हणून आपण इस्त्री (हे सोल्डरिंग आयर्नचं आमच्या घरातलं नाव) साडेचारशेवर नेऊन पाच मिनिटं दाबून धरायची. पाय निघतो. सोबत बोर्डावरचं तांब्याचं पॅडही निघतं. मूळासकट काढल्याचं समाधान वेगळंच असतं.

माझ्याकडं हॉट एअरची मशीन नव्हती, म्हणून मी मित्राच्या गॅरेजमधून रंग खरवडायची गन आणली. तिला नोझल नसतं, त्यामुळं हवा फक्त पोर्टवर न जाता शेजारच्या कीबोर्डच्या कनेक्टरवर, त्याच्या पलीकडच्या पट्टीवर, आणि टेबलाच्या सनमाइकवरही समान वाटली जाते. कनेक्टरचं पांढरं प्लास्टिक थोडं वाकून बसलं. बोर्डावरचे काही कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून धरणारे बारीक ठोकळे) या वाऱ्यात उडून गेले. ते शोधत बसू नका. यातला बारीक कपॅसिटर ०.६ बाय ०.३ मिलिमीटरचा असतो. त्याच्यापुढं मोहरी म्हणजे मोतीचूर लाडू. बोर्डावर शेकड्यानं असतात, दोन-चार गेले तर कुणाला कळतंय? यातली गंमत अशी की हे अर्धं खरं आहे. एकाच लाइनीवर दहा समांतर कपॅसिटर असतील तर एखादा नसताना यंत्र चालतंही. पण त्यातला एक जरी आतून शॉर्ट झाला तरी अख्खी लाइन झोपते. आपल्याला काय, झोपू दे.

इथंच शेजारचे काका येतात. गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, त्यांची हयात दागिन्यांच्या सांध्यांना डाक देण्यात गेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बोर्ड डोळ्याजवळ धरला.

"आरं, हे आधी धू की. एवढं माखलंय, तुला सांधा लागलाय का न्हाय ते दिसतंय तरी काय?"

"काका, हे इलेक्ट्रॉनिक्स आहे," मी म्हणालो.

"आसंल. पर घाण ती घाणच की रं."

अशा माणसांना चहा पाजून वाटेला लावायचं असतं. त्यांचं ऐकून तुम्ही ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दात घासायचा ब्रश घेतलात, तर काळा फ्लक्स निघून खालचे पाय दिसायला लागतील. टाइप-सीला चोवीस पाय. त्यात वीज आणणारा पाय आणि चार्जरशी बोलणी करणारा सीसीचा पाय अगदी भिंतीला भिंत लावून. चार्जर आधी फक्त ५ व्होल्ट देतो, सीसीवर बोलणी होतात आणि मगच तो २० व्होल्टवर जातो. या दोन घरांच्या मधे सोल्डरचा एक केसाएवढा पूल असला तरी बोलणी फिसकटतात. दोन-चारशे रुपयांचा यूएसबी मीटर मधे लावला तर ५ व्होल्टवरच अडकलेला आकडा दिसतो. पण आपण मोजणार नाही ना! आपण 'चार्जर खराब असेल' म्हणून शेजाऱ्यांचा चार्जर लावायचा. मग मेव्हण्याचा.

फारच राहवलं नाही तर मल्टिमीटर घ्या, पण फक्त बझरवर, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की तो नुसता वाजतो, त्या खुणेवर. प्रोसेसरच्या शेजारच्या कॉइलवर एक टोक, ग्राउंडवर दुसरं. वाजला! शॉर्ट सापडला! या क्षणी घरच्यांना बोलावून दाखवा. प्रोसेसरच्या मुख्य लाइनीचा रेझिस्टन्स चांगल्या बोर्डावरही मोजक्या ओहमांचाच असतो, त्यामुळं तिथं बझर धडधाकट लॅपटॉपवरसुद्धा वाजतो, हे त्यांना सांगायची गरज नाही. स्कीमॅटिक (बोर्डाचा नकाशा) उघडून कुठल्या लाइनीवर किती यायला हवं ते बघणं, बॅटरी काढून मल्टिमीटरच्या डायोड मोडमधे चांगल्या बोर्डाशी ताडून पाहणं, ही कामं ज्यांना रविवारी जेवण मिळत नाही त्यांची.

शॉर्ट सापडल्याच्या आनंदात मी काय केलं, तर व्हिडिओत बघितलं तसं बाहेरून व्होल्टेज दिलं. व्हिडिओतल्या माणसानं एक व्होल्ट दिला होता, करंट आवळून ठेवला होता, आणि वर अल्कोहोलचा थेंब टाकून तो कुठं आधी सुकतो ते बघत बसला होता. माझ्याकडं असा व्होल्ट-करंट बांधून देणारा सप्लाय नव्हता. इन्व्हर्टरची बॅटरी होती. बारा व्होल्ट. एका व्होल्टवर चालणाऱ्या लाइनीला बारा व्होल्ट दिले की शॉर्ट शोधावा लागत नाही, तो धूर काढून स्वतःच हात वर करतो. मधे प्रोसेसर असला तर तोही.

एवढं झालं की मगच दुकान गाठा. राजारामपुरीतली गल्ली सांगत नाही. आत शिरताना चेहरा कोरा ठेवा. पोरगा पंचविशीतला होता, स्क्रू काढायच्या आधीच त्यानं वास घेतला.

"आधी कुणी उघडलाय का ओ?"

"छे! आपोआप बंद पडला," मी म्हणालो. तुम्हीही हेच म्हणा, सगळेच म्हणतात.

त्यानं काही न बोलता बोर्ड मायक्रोस्कोपखाली सरकवला, चाक फिरवलं आणि बराच वेळ बघत बसला. मग स्क्रीन माझ्याकडं वळवली. उपटलेल्या पॅडच्या बाजूला, करपलेल्या फ्लक्समधे, जिथं कपॅसिटर असायला हवा होता तिथं, एक काळीभोर मोहरी बसली होती. हळदीसकट.

"भडंग कुठली?" त्यानं विचारलं.