मत वाया घालवू नका, राजेहो!

राजेहो, निवडणूक लागली की उमेदवार कोण, त्यानं काय केलं, असल्या रिकाम्या चौकशा करू नका. पानठेल्यावर जा, खर्रा घोटायला सांगा आणि एकच विचारा, ‘कोन येते बे यंदा?’ ज्याचं नाव निघेल त्याचंच बटन दाबा. पडणाऱ्याला दिलेलं मत वाया जातं, हे शेंबडं पोरही सांगतं. मग चाळीस हजारांनी निवडून येणाऱ्याला तुमच्या एका मतानं नेमकं काय जास्तीचं मिळालं? असं कोणी विचारलंच, तर तोंडात खर्रा आहे असं दाखवा.

कोण येणार हे सांगायला सर्व्हे आहेतच. मृगाचे दोन सडे पडले तरी तुम्ही पेरत नाही. वावरात जाऊन बोटानं माती उकरता, ओल किती खोल गेली ते पाहता, हवामान खात्याला चार शिव्या हासडता, मग तिफण काढता. सर्व्हेला ही परीक्षा लावू नका. हिशेब तर मुळीच नको. समजा राज्यभर दहा हजार लोकांना विचारलं. 288 मतदारसंघांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला पस्तीसही येत नाहीत, आणि मतदार तीन लाखांच्या घरात! मतांची टक्केवारी त्यातून कधी बरी निघतेही, पण टक्क्यांच्या जागा करताना तुमच्या तालुक्यातला बंडखोर किती मतं खाणार, हे त्यात कुठून येणार?

सर्व्हेवाला पोरगा टॅब घेऊन गावात आला, तर त्याला घरी नेऊ नका. पारावरच बसवा, पुढाऱ्याचा माणूस मागं उभा असताना. ‘काका, मत कोणाला?’ असं विचारलं की आधी मागं पाहा, मग नाव सांगा. 2024 साली सोयाबीनचा हमीभाव 4892 जाहीर झाला आणि तुम्ही त्याच्या खाली विकलं, हे सांगत बसू नका. त्याला पुढच्या घरी जायचं आहे. आठ दिवसांनी तुमचंच ते भीतभीत दिलेलं उत्तर ‘जनतेचा कौल’ म्हणून टीव्हीवर येईल. मग बायकोला सांगा, ‘पाय, सारे तिकडंच हायेत!’

कोणी जुनी उदाहरणं काढेल. 2004 साली बहुतेक सर्व्हेंनी वाजपेयी सरकार परत आणलं होतं. मतदारांनी नाही आणलं. 1 जून 2024 च्या संध्याकाळी बहुतेक एक्झिट पोलांनी रालोआला साडेतीनशेच्या पुढं नेऊन बसवलं, काहींनी चारशेपार; 4 जूनला जागा निघाल्या 293. चूक मतदारांचीच, त्यांनी टीव्ही पाहिला नसेल.

मतदान संपायच्या आधीचे 48 तास सर्व्हे दाखवायला कायद्यानं बंदी आहे. घाबरू नका. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आयबीचा गुप्त रिपोर्ट’ येतोच, ना सही ना शिक्का. इतका गुप्त, की थेट भजनी मंडळाच्या ग्रुपवर! लगेच पुढं ढकला.

धोका फक्त बूथवर आहे. पुठ्ठ्याच्या आडोशामागं मागं वळून पाहिलं तरी कोणीच नसतं, आणि बोट भलतीकडं जातं. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते, तेवढ्यात घाम पुसून घ्या. बाहेर टॅबवाला पुन्हा भेटलाच, तर पारावर सांगितलेलंच नाव सांगा.