गटार, मंडळ आणि 60 टक्के

आमच्या बेळगावच्या वडगावात आषाढात मंगाईची जत्रा असते आणि जत्रेला पाहुणे किती येणार ते घरच्या माणसाला कधीच कळत नाही, मटण आपलं अंदाजानं आणायचं. यंदा टेन्शन मटणाचं नव्हतं, गटारीचं होतं. गल्लीतली गटार तुंबलेली, पाऊस लागून राहिलेला, पाणी उंबऱ्यापतोर. मी फक्त एवढंच म्हटलं, "कोणीतरी काहीतरी करायला पायजे गा." बास. हे वाक्य ज्याच्या तोंडातनं पडतं तो सेक्रेटरी.

पहिली मीटिंग देवळात, सातला. मिलिटरी अण्णा सातला हजर (मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर गावातच, त्यामुळं असा एक रिटायर्ड अण्णा बऱ्याच गल्ल्यांना मिळतो), बाकीचे आठला, मधला तासभर शिस्तीवरचं लेक्चर एकट्या मला. मागवाले आप्पा पॉवरलूम बंद करून आले खरं, पण कानातली खटखट काय बंद झालेली नव्हती, म्हणून प्रत्येक ठराव दोनदा ओरडून सांगायचा, म्हणजे शेजारच्या गल्लीलाही आमचे ठराव पाठ. टेलर मामांची आयडिया वेगळीच. हिवाळी अधिवेशनाला कर्नाटकातले सगळे आमदार इथल्या सुवर्ण विधानसौधला, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीत, येतातच की, एकाला कुंदा खायला गल्लीत बोलवूया, गटार आपोआप होतंय.

"ते डिसेंबरात गा! तोपर्यंत पाहुणे काय पोहत येणार?" अण्णा ओरडले.

मग अर्ज करायचं ठरलं, कन्नडात. आता कन्नड बोलतात सगळे, भाजीवालीशी भांडण्यापुरतं तर फर्स्टक्लास, पण लिहायचं म्हटल्यावर जो तो आपापल्या चपला बघायला लागला. शेवटी शेजारची दहावीतली पोरगी धरली. तिनं सुरेख अक्षरात लिहून दिला, मी सही ठोकली आणि कचेरीत नेऊन दिला. साहेबांनी वाचला, परत वाचला, बाजूच्याला दाखवला. झालं असं होतं की पोरीला पाठ होता तो शाळेतला रजेचा अर्ज, त्यात तिनं फक्त नाव बदललेलं. आमच्या गटारीची तब्येत बरी नसल्यानं तिला दोन दिवस रजा हवी होती.

साहेब हसत म्हणाले, "नाळे बर्री." कन्नडात नाळे म्हणजे उद्या. मी पाच दिवस गेलो, पाच दिवस नाळे बर्री, आणि माझ्या डोक्यात तेव्हा दुसरं काही नसल्यामुळं मला दर वेळी नालेच ऐकू यायचं.

इकडं मंडळानं तेवढ्यात वर्गणी काढून बोर्ड करायला टाकला. गटारीला पैसे नव्हते, बोर्डाला दोन दिवसांत जमले, हे मी हिशोब लिहितो म्हणून सांगतोय. बोर्डावर कुठली भाषा किती, यावर रात्री अकरापतोर मीटिंग. कुणीतरी मोबाईल काढून 2024 चा 60 टक्के कन्नडचा कायदा वाचला, तो दुकानांना की आपल्यालाही यावर आणि एक तास. पेंटर बिचारा टेप घेऊन बसलेला, "साठ टक्के उंचीचे की रुंदीचे तेवढं सांगा." मग बोर्ड कुणाच्या दारात? अण्णांच्या नको, आप्पांच्या नको, मामांच्या तर नकोच. शेवटी मीच, शहाणा, म्हटलं की गटारीच्या चेंबरवर कुणाचंच दार येत नाही, तिथं रोवा. टाळ्या पडल्या. लोखंडी पाइप, दोन पाट्या सिमेंट, एकदम पक्कं काम.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी खरोखरच गाडी आली, चार माणसं, पारी, फावडी सगळं. मी बनियनवरच पळत गेलो. त्यातल्या मुकादमानं चेंबर बघितलं, वर बोर्ड बघितला, 'गल्ली सुधारणा मंडळ' दोन्ही भाषांत सावकाश वाचलं.

"मोदल ई बोर्ड तगीर्री," म्हणाला. आधी हा बोर्ड काढा.

कधी येणार परत, विचारलं.

"नाळे."

बोर्ड काढायला ठराव लागतो म्हणे. मीटिंग आज सातला. अण्णा आत्ताच जाऊन बसलेत.